अंतिम रेषेवरचा ग्लास

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या जानेवारीत मी आयुष्यात पहिल्यांदा पैसे भरून पळालो. पळण्यासाठी पैसे भरावे लागतात, ही गोष्ट आमच्या घरात कोणाला खरीच वाटेना. आई म्हणाली, "पळतोस तू आणि पैसेही तूच द्यायचे?" अर्थात पैसे माझे नव्हते. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर ज्यांच्याबरोबर मी सराव करतो, त्या एका वयस्क सद्गृहस्थांनी माझी फी भरली होती. शहराबाहेरच्या एका द्राक्षमळ्यात दहा किलोमीटरची शर्यत होती. वेलींच्या ओळींमधून, तांबड्या मातीतून, चढउतारावरून आम्ही पळालो. माझा क्रमांक चौथा आला. अंतिम रेषा ओलांडल्यावर गळ्यात पदक पडले आणि हातात एक कागदी पिशवी आली. तिच्यात एक केळे, एक बिस्किटाचा पुडा, एक पाण्याची बाटली आणि दोन कुपने होती. प्रत्येक कुपनावर एक ग्लास 'क्राफ्ट बिअर' मिळणार होती.

मी एकोणीस वर्षांचा आहे. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याप्रमाणे बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. टेबलामागच्या मुलाने मला वय विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. हे लिहिताना गुरुजनांच्या कपाळावर आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. पण जे केले तेच लपवून उपदेशाचा लेख लिहायचा, तर तो न लिहिलेलाच बरा. मी एक ग्लास प्यायलो. कडवट, गार, थोडीशी संत्र्याच्या सालीसारखी वासाची ती गोष्ट मला पहिल्या घोटाला आवडली नाही. शेवटच्या घोटाला आवडली.

दुसरे कुपन खिशातच राहिले. घरी आल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पदक हातात घेऊन पाहिले. मग धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशातून ते कुपन निघाले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण ग्लासाचे चित्र वाचायला शिक्षण लागत नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "एवढं लांब पळून शेवटी हेच देतात का रे?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्या गावाविषयी. नाशिक हे आता दोन गोष्टींसाठी ओळखले जाते, आणि गंमत अशी की त्या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर भेटतात. गंगापूर रोडने पहाटे निघालात तर पळणारे आणि सायकलवाले दिसतात. त्याच रस्त्याने संध्याकाळी निघालात तर वायनरीकडे जाणाऱ्या मोटारींची रांग दिसते. सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ साली राज्याने द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झाले, आणि पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. बिअरची गोष्ट त्यानंतरची. छोट्या भट्टीत, थोड्या प्रमाणात, जव, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांपासून जागच्या जागी बनवलेली बिअर महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात 'डूलाली'ने सुरू केली. ती लाट आता आपल्याकडेही पोचली आहे.

दुसरीकडे पळण्याची परंपरा. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदरसिंग यांच्या हाताखाली घडली. २०१० साली तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. आपल्याच शहरातील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून निघून सैन्यात गेला, तिथे वल्हवायला शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला पोचला. पाणी नसलेल्या गावच्या मुलाने नौकानयनात नाव काढावे, ही गोष्ट मला कोणत्याही कादंबरीपेक्षा मोठी वाटते.

तर अशा या शहरात 'घाम गाळा आणि मग ग्लास भरा' ही नवी रीत आली आहे. तिला इंग्रजी शिकलेले लोक 'बॅलन्स' म्हणतात. आपण तिला तोल म्हणू. प्रश्न असा की हा तोल खरोखर साधतो का, आणि साधत असेल तर कोणाला?

ज्या सद्गृहस्थांनी माझी फी भरली, त्यांची बाजू मी प्रथम मांडतो. ते पन्नाशीचे आहेत. एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. वर्षातून एक पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, ते पळतात. माझे पहिले चांगले बूट त्यांनीच दिले. त्यांना क्राफ्ट बिअरची मनापासून आवड आहे. कोणत्या बिअरमध्ये गहू आहे, कोणत्या हॉप्सने कडवटपणा येतो, हे ते इतक्या प्रेमाने सांगतात की आमचे मराठीचे सर ओवी समजावतात त्याची आठवण यावी. ते हसून म्हणतात, "मी बिअर पिता यावी म्हणून पळतो." आठवड्यातून एक दिवस, एक ग्लास, जेवणाबरोबर, सावकाश. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना एकदाही सराव बुडवताना पाहिले नाही. अशा माणसाला मी बेवडा म्हणू काय? माझी जीभ तसे म्हणायला वळणार नाही.

जगात त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत. १९३८ साली क्वालालंपूरमध्ये काही इंग्रज मंडळींनी 'हॅश हाउस हॅरियर्स' नावाचा पळणाऱ्यांचा मेळ सुरू केला. धावण्याच्या शेवटी बिअर हा त्याचा भागच होता, आणि आज त्याच्या शाखा जगभर आहेत. फ्रान्समध्ये मेडोक येथे द्राक्षमळ्यांतून मॅरेथॉन होते आणि वाटेत पाण्याबरोबर वाइनही ठेवलेली असते. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या टॉमस हिक्सला तर वाटेत स्ट्रिक्निन हे विष, अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रँडी पाजून कसेबसे पुढे ढकलले होते. म्हणजे पळणे आणि पिणे यांची ओळख जुनी आहे. पण हिक्स शेवटी दोन माणसांच्या आधाराने रेषेपर्यंत आला, हेही सांगितले पाहिजे.

आता शरीराची बाजू. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. तरीही ग्रंथालयात बसून आणि विज्ञान शाखेतल्या मित्रांना छळून जे समजले ते सांगतो. मद्य पोटात गेले की यकृत बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्याची विल्हेवाट लावते. सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम मद्यार्क जाळते. पाच टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्ये सुमारे वीस ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे दोन-तीन तासांचे काम. मद्यामुळे शरीरातले पाणी धरून ठेवणारे संप्रेरक कमी पडते आणि लघवी वाढते. दहा किलोमीटर पळून ज्याचे अंग आधीच सुकले आहे, त्याच्या बाबतीत हे उलट्या दिशेने जाणे झाले. झोप लवकर लागते पण ती तुटक असते, आणि धावपटूचे शरीर दुरुस्त होते ते झोपेतच. सरावानंतर भरपूर प्यायल्यास स्नायूंची नवी बांधणी मंदावते, असे २०१४ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगात दिसले. त्यात बरोबर प्रथिने घेतली तरी नुकसान पूर्ण भरून आले नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. दोन टक्क्यांइतकी हलकी बिअर प्यायल्यास शरीरात पाणी भरून निघण्यात फारसा अडथळा येत नाही. चार टक्क्यांपर्यंत गेले की येऊ लागतो. हेही प्रयोगाने दिसले आहे. आणि सर्वांत मजेची गोष्ट म्युनिकची. २००९ सालच्या म्युनिक मॅरेथॉनच्या वेळी डॉक्टरांनी धावपटूंना शर्यतीच्या आधी तीन आठवडे आणि नंतर दोन आठवडे रोज लिटर-दीड लिटर बिअर पाजली. त्यांच्या अंगातला दाह कमी झाला, सर्दी-पडशाचे प्रमाणही कमी झाले. ही बातमी आमच्या होस्टेलवर कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. पण बातमीतला एक शब्द वाचणाऱ्याने गाळला होता. ती बिअर बिनमद्याची होती. गुण होता तो जवाचा आणि हॉप्सचा, मद्यार्काचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ साली स्पष्टच म्हटले की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही.

मग काय, प्रश्न सुटला? विज्ञानाने 'नाही' म्हटले, लेख संपला? तसे असते तर मी हा लेख लिहिला नसता. कारण माणूस फक्त यकृत आणि स्नायू यांचा बनलेला नाही. सद्गृहस्थांच्या त्या एका ग्लासात मैत्री आहे, गप्पा आहेत, एका कारागिरीविषयीचे कौतुक आहे. महिन्याला एका शर्यतीच्या वेळेत त्यांचे दहा सेकंद कमी झाले काय आणि वाढले काय, त्यांच्या पगारात फरक पडत नाही. ते आनंदासाठी पळतात आणि आनंदासाठी पितात. दोन आनंदांचा तोल साधणे त्यांना शक्य आहे, कारण दोन्ही पारड्यांत जे आहे ते त्यांचेच आहे.

माझ्या पारड्यात जे आहे ते सगळे माझे नाही, आणि आपल्यापैकी पुष्कळांचे नाही.

मी दिंडोरी तालुक्यातून येतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अण्णा आणि आई द्राक्षबागांच्या कामावर जातात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी, तोडणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी असली की पहाटेच्या गारव्यातच टोळी निघते, कारण ऊन चढले की मालाची प्रत जाते. शिराज, झिनफँडेल, शेनिन ब्लाँ ही नावे आईला पाठ आहेत. त्यांची वाइन कशी लागते हे तिला ठाऊक नाही आणि तिला त्याची उत्सुकताही नाही. म्हणजे माझी फी, माझा एस.टी.चा पास, माझी वह्यापुस्तके ज्या पैशांतून येतात त्या पैशांना थोडा वाइनचा वास आहेच. म्हणून मी वाइन आणि बिअर बनवणाऱ्यांना शिव्या देणार नाही. ज्या झाडाची फळे खाल्ली त्याच्या मुळावर घाव घालण्याचा कृतघ्नपणा माझ्याने होणार नाही.

पण मी पळतो कशासाठी? आनंद आहेच. पहाटे साडेपाचला धुक्यात मैदानाच्या कडेने पाय लयीत पडू लागले की जे वाटते ते मला लिहिता येत नाही. तरीही आनंदाच्या पाठीमागे हिशोब आहे. पोलीस भरतीत १,६०० मीटरच्या धावेला वीस गुण असतात. आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीतून विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर त्या प्रमाणपत्राचा पुढे उपयोग होतो. माझ्या लहान बहिणीचे शिक्षण, घरावरचे पत्रे, अण्णांच्या गुडघ्याचा इलाज हे सगळे त्या सेकंदांच्या रांगेत उभे आहे. सद्गृहस्थांचे दहा सेकंद आणि माझे दहा सेकंद घड्याळात सारखे असले तरी बाजारात सारखे नाहीत.

आता दुसरी कबुली. द्राक्षमळ्यातल्या त्या ग्लासानंतर दुसऱ्या दिवशी मला काहीच झाले नाही. मी नेहमीसारखा उठलो, नेहमीसारखा पळालो. हाच खरा घोटाळा. काही झाले असते तर मी धडा घेतला असता. काही न झाल्यामुळे मला वाटले, हे आपल्याला पचते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मित्रांबरोबर चार-पाच वेळा बसणे झाले. आणि मित्रहो, आपण विद्यार्थी 'क्राफ्ट, क्राफ्ट' म्हणतो खरे, पण आपल्या खिशाला क्राफ्ट परवडते कुठे? टेबलावर येते ती आठ टक्क्यांची 'स्ट्राँग'. ६५० मिलिलिटरच्या अशा एका बाटलीत चाळीस ग्रॅमच्या वर मद्यार्क असतो, म्हणजे यकृताला चार ते सहा तासांची पाळी. त्यात जवाचा स्वाद शोधायला कोणी बसत नाही. चढते किती आणि किती रुपयांत, एवढाच सवाल असतो. कारागिरीचे नाव पुढे करून आपण आपली घाई लपवतो.

निवडचाचणीच्या दोन दिवस आधी एका मित्राचा वाढदिवस होता. मी एक बाटली प्यायलो. दोन दिवसांनी चाचणीत मी सातवा आलो. संघात सहाच घेणार होते. सहाव्यात आणि माझ्यात तीन पावलांचे अंतर होते.

ती तीन पावले बिअरने खाल्ली असे मी म्हणणार नाही. कदाचित त्या दिवशी सहावा माझ्यापेक्षा चांगलाच पळाला असेल. दोन दिवसांत शरीर सावरतेही. पण बिअरने खाल्ली नाहीत असेही मला म्हणता येत नाही, आणि ही न सुटणारी शंका मला रोज सकाळी पहिल्या फेरीत भेटते. जो हरतो त्याला निदान आपण पूर्ण जोर लावला होता हे समाधान हवे. ते मी स्वतःच्या हाताने घालवले.

येथे आणखी एका गोष्टीवर बोलले पाहिजे. छोट्या भांड्यात, हाताने, थोडी थोडी बनवलेली, प्रत्येक वेळी चव निराळी असलेली दारू, हे वर्णन ऐकल्यावर शहरातल्या माणसाला क्राफ्ट बिअर आठवते. मला पेठ, सुरगाणा भागातली मोहाची आठवते. माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या पाड्यावर मोहाच्या फुलांशिवाय सण होत नाही. त्याची आजी फुले वाळवते, आंबवते, मातीच्या भांड्यातून ऊर्ध्वपातन करते. तिला आपण 'हातभट्टी' म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आपले नाक वर जाते. हाताने काढलेली भट्टी ती हातभट्टी आणि हाताने बनवलेली बिअर ती क्राफ्ट! एकीवर धाड पडते, दुसरीवर कुपन मिळते. याचा अर्थ हातभट्टी चांगली असा नव्हे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ती बहुतेक आमच्यासारख्याच घरांतली होती. परवाना, तपासणी आणि शुद्धता यांना मोल आहेच. माझे म्हणणे एवढेच की ग्लास उंची काचेचा आहे म्हणून आतला मद्यार्क सुसंस्कृत होत नाही. यकृताला जात समजत नाही आणि इंग्रजीही समजत नाही.

आमचे अण्णा पूर्वी देशी पीत. त्या दिवसांविषयी मी जास्त लिहिणार नाही; ज्यांच्या घरी ते दिवस होते त्यांना ते ठाऊक आहेत, आणि ज्यांच्या घरी नव्हते त्यांना सांगून समजायचे नाहीत. मी सातवीत असताना अण्णा गावातल्या दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीमागे पंढरपूरला चालत गेले. तीन आठवड्यांहून अधिक चाल, उन्हात, पावसात, फाटक्या चपलेने. परत आले ते गळ्यात तुळशीची माळ घालून. तेव्हापासून त्यांनी दारूला हात लावलेला नाही. आमच्या खेळाच्या भाषेत सांगायचे तर अण्णांनी सहनशक्तीची एवढी मोठी स्पर्धा कोणत्याही प्रशिक्षकाशिवाय पुरी केली. त्या वाटेच्या शेवटी त्यांना पदक मिळाले नाही, कुपनही नाही. कळसाचे दर्शन झाले आणि ते घरी आले.

मी माळ घातलेली नाही, आणि सर्वांनी घालावी असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण अण्णांच्या प्रश्नातले मर्म मला आता कळते. शर्यतीच्या शेवटी जे ठेवतो, ते पळणाऱ्याला काहीतरी शिकवत असते. केळे ठेवले तर ते सांगते, 'दमलास, खा, उद्या परत ये.' ग्लास ठेवला तर तो सांगतो, 'कष्ट संपले, आता हे तुझे बक्षीस.' पन्नाशीच्या माणसाला हे दुसरे वाक्य ऐकून हसून पुढे जाता येते. एकोणिसाव्या वर्षी ते वाक्य मनात घर करते. कष्टाचे बक्षीस म्हणजे दारू हा धडा आमच्या वस्त्यांत पिढ्यान्पिढ्या शिकवला गेला आहे; दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी गुत्त्यावर जायचे. तो धडा विसरण्यासाठीच तर आम्ही येथवर आलो. तोच धडा नव्या कागदात गुंडाळून, पदकाबरोबर परत मिळावा, हे मला बोचते.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने केला तेव्हा महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचे भले होईल, दुसरी म्हणाली संसार बुडतील. मला वाटते, दोन्ही बाजूंनी एका माणसाला विचारले नाही: तो म्हणजे आमच्या वयाचा मुलगा, ज्याचा बाप त्या बागेत राबतो आणि ज्याच्या हातात उद्या तो ग्लास येणार आहे. मोर्चे आणि जाहिराती यांच्यामध्ये आमच्याशी कोणी सरळ बोलतच नाही. घरी बोलले तर मार, कॉलेजात बोलले तर पालकांना बोलावणे. म्हणून आम्ही एकमेकांनाच विचारतो आणि एकमेकांनाच चुकीची उत्तरे देतो.

तेव्हा उपदेश न करता काही सूचना मांडतो. आपल्या जिमखान्याने वर्षातून एकदा एखादे डॉक्टर आणि एखादा जुना खेळाडू यांना बोलावून या विषयावर मोकळी चर्चा ठेवावी; प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता. शर्यती भरवणाऱ्यांनी अंतिम रेषेवर मद्याचे कुपन देऊ नये. ज्यांना प्यायचे आहे ते नंतर आपल्या पैशाने, आपल्या वयाने पितीलच. वय विचारायला तर लाज कसली? आणि जे एकवीस वर्षांचे आहेत, ज्यांना खरोखर चवीची आवड आहे, त्यांनी निदान स्वतःशी खोटे बोलू नये. बिअर ही 'रिकव्हरी' नव्हे. ती घ्यायची तर विश्रांतीच्या दिवशी, जेवणासोबत, एक. सरावाच्या घामावर नव्हे आणि शर्यतीच्या आठवड्यात नव्हेच. सद्गृहस्थ तेच करतात. त्यांचा तोल साधतो तो ग्लासामुळे नव्हे, ग्लास खाली ठेवता येतो म्हणून.

आणि जे माझ्यासारखे पहिल्या पिढीचे आहेत त्यांना एवढेच म्हणतो की आपल्याला अजून तोल साधण्याइतकी शिल्लक मिळालेली नाही. ती मिळवू. मग पाहू.

चाचणीनंतरच्या आठवड्यात मी सद्गृहस्थांना सगळे सांगितले. ते पुन्हा त्या मळ्यातल्या शर्यतीची फी भरणार होते. मी म्हणालो, "सर, शर्यत पळतो, कुपन तुम्ही घ्या." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी तुला त्या दिवशी वय विचारायला हवे होते." एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यापुढे अशी कबुली दिली, तेव्हा मला फार संकोच वाटला. आम्ही दोन फेऱ्या बरोबरच पळालो. ते आता माझ्यापेक्षा हळू पळतात. मी मुद्दाम वेग कमी केला.

ते जुने कुपन अजून आमच्या घरी आहे. आईने ते टाकून द्यायला सांगितले होते. अण्णांनी ते पदकाच्या मागे खिळ्याला अडकवून ठेवले आहे. का ठेवले ते त्यांनी सांगितले नाही. पुढच्या वर्षीच्या चाचणीसाठी पहाटे उठून बूट घालताना ते माझ्या समोरच येते.